सर्व्हर डाऊन आहे!

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या भागात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं इंग्रजी वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणभरही विचार न करता सांगेन - "सर्व्हर डाऊन आहे." सातबारा काढायला जा, पीकविम्याचा अर्ज भरायला जा, रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जा... पलीकडचा मुलगा मान वर न करता म्हणतो, "सर्व्हर डाऊन हाय काका, उद्या या." आणि माणसं मुकाट परत फिरतात. पाऊस नाही, लाईट नाही, तसा आज सर्व्हर नाही. जणू हेही वरूनच येतं आणि वरच्याच्या मर्जीनं जातं!

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पावसाचं माझ्या हातात काही नाही हे मान्य. पण सर्व्हर ही माणसानं केलेली वस्तू आहे. ती बिघडली तर कुणीतरी माणूसच ती उठवत असणार. तो कोण? त्याच्या हातात कोणती हत्यारं असतात? आणि ती हत्यारं कुणी, कधी घडवली? सुताराच्या पोत्यात वाकस, पटाशी, रंधा, करवत असतं हे आमच्या पिढीला ठाऊक होतं. या नव्या सुताराच्या पोत्यात काय असतं, ते शोधायला गेलो आणि एक फार सुंदर इतिहास हाती लागला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे. संगणक येत नसेल तरी घाबरू नका, मलाही तो उतारवयातच आला आहे.

आधी शब्दाचा अर्थ. सर्व्ह म्हणजे वाढणं, म्हणून सर्व्हर म्हणजे वाढपी. कुठल्यातरी लांबच्या शहरात, गार खोलीत, मांडणीवर ठेवलेला एक संगणक. त्याला बहुधा पडदाही जोडलेला नसतो आणि टंकफलकही नसतो. तुम्ही मागाल ते पानात वाढणं एवढंच त्याचं काम. सर्व्हर डाऊन म्हणजे पंगत बसली आहे आणि वाढपी आडवा झाला आहे.

जगातले बहुतेक वाढपी आज लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा आला होता, तोही त्यातलाच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातसुद्धा लिनक्सचाच गाभा आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्या आधारची यंत्रणाही लिनक्स आणि तशाच मुक्त सॉफ्टवेअरवर उभी राहिली. म्हणजे आपला रोजचा संबंध आहेच, फक्त ओळख नाही.

माझा एक पुतण्या पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. मराठी शाळेत शिकलेला, अंबड तालुक्यातला मुलगा. त्याच्या कामाबद्दल घरात कुणाला धड सांगता येत नाही. माझी वहिनी म्हणते, "लेकरू रातभर काळ्या पाटीकडं बघत बसतं." स्थळं येतात तेव्हा तर फारच पंचाईत! मुलगा डॉक्टर, मुलगा इंजिनिअर हे सांगता येतं. "मुलगा वाढप्याला उठवतो" हे कसं सांगणार? दोन दिवाळ्या मी त्याच्याशेजारी बसून ती काळी पाटी पाहिली. चित्र नाही, बटण नाही, बाण नाही. नुसती अक्षरं. तो दोन-चार अक्षरं लिहितो, पाटी उत्तर देते. आम्ही सगळे नोकरीत असताना एमएस-सीआयटी केलं, तिथं उंदीर फिरवून चित्रावर टिचकी मारायला शिकलो. ही अक्षरांची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

ती सुरू झाली १९६९ साली, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्पसन नावाच्या तरुणाची बायको लहानग्या मुलाला घेऊन तीनेक आठवडे कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली होती. घर रिकामं, डोकं मोकळं. एका जुन्या, फारसं कुणी वापरत नसलेल्या यंत्रावर त्यानं आठवड्याला एक या हिशेबानं नव्या प्रणालीचे मुख्य भाग लिहून काढले. हीच युनिक्स. डेनिस रिची हा त्याचा सहकारी. पुढं सी ही भाषा रिचीनं घडवली. दोघांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या काळी संगणकाला पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं टंकयंत्र होतं, सेकंदाला दहा अक्षरं या गतीनं कागदावर खडखडत छापायचं. कळा इतक्या जड की बोटं दुखावीत. म्हणून सगळी नावं आखूड ठेवली गेली. यादी दाखव - एलएस. नक्कल कर - सीपी. हलव - एमव्ही. काढून टाक - आरएम. तारेला शब्दाप्रमाणे पैसे पडायचे तेव्हा आपण 'स्टार्ट इमिजिएटली' एवढंच लिहायचो, तसा हा प्रकार. टंकयंत्रं केव्हाच भंगारात गेली. नावं मात्र तशीच राहिली. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका आहे, तिच्यात ही चारही नावं आहेत. पन्नास वर्षं उलटली, माझा पुतण्या आजही तीच लिहितो. व्याकरणाच्या मास्तराला यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती?

आता समजा खरंच सर्व्हर डाऊन झाला. रात्री दोनला पुतण्याचा फोन वाजला. तो काय करतो?

आधी हाक मारतो. या हाकेचं नाव पिंग. पिंग एवढंच विचारतं, "आहेस का?" पलीकडचं यंत्र जिवंत असेल तर म्हणतं, "आहे." किती मिलिसेकंदांत उत्तर आलं तेही कळतं. हे हत्यार माइक मूस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी लिहिलं. त्याच्या कार्यालयातलं जाळं नीट चालत नव्हतं, एवढंच निमित्त. पाणबुड्या पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्यानं नाव ठेवलं. पुढं एकानं आपल्या संगणकाला प्रत्येक उत्तरागणिक मोठ्यानं "पिंग" म्हणायला लावलं आणि इमारतभर वायरींचे जोड हलवत फिरला. आवाज बंद पडला की तिथंच जोड सैल! आपल्याकडे कुणी मोटारीची पेटी हलवून पाहतो आणि दुसरा विहिरीवरून ओरडतो "आलं, आलं... गेलं", अगदी तसंच. हा मूस २००० साली मोटार अपघातात वारला. त्याची हाक मात्र रोज जगभर घुमते आहे.

हाकेला उत्तर आलं नाही तर वाट कुठं तुटली ते बघायचं. त्यासाठी ट्रेसरूट. व्हॅन जेकबसन यांनी ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं. तुमचा निरोप कोणकोणत्या नाक्यांवरून जातो आणि कोणत्या नाक्यापुढं त्याचा पत्ता लागत नाही, हे ते ओळीनं दाखवतं. आमच्या अंतरवाली सराटीचं नाव २०२३ च्या आंदोलनानं देशभर गेलं. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या जालना जिल्ह्यासह बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं होतं. त्या दिवशी पलीकडचे सर्व्हर ठणठणीत होते, आपली वाट बंद होती. 'सर्व्हर डाऊन' आणि 'वाट बंद' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेसरूट त्या वेगळ्या करून सांगतं. खिडकीतला मुलगा दोन्हींना एकच नाव देतो.

हाकेला उत्तर आलं, तर आत शिरायचं. शेकडो मैल दूरच्या संगणकात घरी बसून शिरण्याचं दार म्हणजे एसएसएच. आधी टेलनेट होतं. त्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जायचा, वाटेत कुणीही वाचावा. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असे शब्द चोरले. तिथला टाटू युलोनेन हा संशोधक त्यामुळं अस्वस्थ झाला. त्यानं सगळं संभाषण बंद लिफाफ्यात, सांकेतिक लिपीत नेणारं साधन लिहिलं आणि त्याच वर्षी जगाला वाटून टाकलं. वर्ष संपता संपता पन्नास देशांत वीस हजार लोक ते वापरत होते. लिफाफ्याचा शोध पोस्टकार्डाच्या चोरीतून लागला, असं म्हणा हवं तर.

आणि याच १९९५ साली आपल्या मुंबईत काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी १९८६ पासून अर्नेट नावाचं शिक्षणसंस्थांचं जाळं होतं, त्यात जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र आणि पवईचं आयआयटी होतं. पण ते प्राध्यापकांपुरतं. विदेश संचारचं चित्रांचं इंटरनेट महाग होतं, हजारो रुपये. विद्यार्थ्यांसाठी मात्र वर्षाला ५०० रुपयांत एक स्वस्त खातं मिळायचं, त्याचं नाव शेल अकाउंट. फोनच्या तारेवरून मोडेम किरकिरत जोडला जायचा आणि समोर यायची... हीच काळी पाटी! विदेश संचारच्या युनिक्स यंत्रात बसून अक्षरांतच पत्रं लिहायची, अक्षरांतच वेबपानं वाचायची. पैसे नसलेल्या मुलांना चित्रं मिळाली नाहीत, पण त्याच नाइलाजानं त्यांना युनिक्सची बोली कळली. त्यातले कितीतरी पुढं सर्व्हर सांभाळणारे झाले. गरिबी कधीकधी अशी आडवाटेनं विद्या देऊन जाते.

असो. आपण आत शिरलो. आत गेल्यावर वैद्य आधी नाडी बघतो. इथली नाडी म्हणजे अपटाइम आणि टॉप. अपटाइम तीन आकडे देतं, गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांतला भार. याचा अर्थ मला पुतण्यानं रेशनच्या रांगेवरून समजावला. दुकानात चार खिडक्या आहेत आणि चार माणसं आहेत, तर भार चार, सगळं सुरळीत. चार खिडक्यांवर चाळीस माणसं असली तर गोंधळ. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी आत्ताच झाली. उलट असेल तर ओसरते आहे. तीन आकड्यांत केवढी गोष्ट! टॉप हे १९८४ साली विल्यम लेफेव्र यांनी लिहिलं. कोणतं काम किती ताकद खातं आहे, ते क्रमानं लावून दर दोन-तीन सेकंदांनी ताजं करून दाखवतं. जास्त खाणारा सगळ्यात वर.

एखादं काम वेडंवाकडं वागत असेल तर त्याला थांबवण्याची आज्ञा म्हणजे किल. नाव भयंकर आहे, पण रीत सभ्य आहे. साधी किल म्हणजे "बाबा, आवरून घे आणि थांब." कामाला वही मिटायला, दार लावायला वेळ मिळतो. ऐकलंच नाही तर नऊ आकड्याची किल, म्हणजे न विचारता उचलून बाहेर. पुतण्या म्हणतो, "काका, नवखी पोरं पहिल्यांदाच नऊ मारतात. लिहिता लिहिता वही ओढून घेतली तर अर्धवटच राहणार ना?" वर्गात छडी आधी की शब्द आधी, हा प्रश्न आमच्याही धंद्यात जुनाच आहे.

नाडी ठीक असेल तर कोठार बघायचं. डीएफ ही आज्ञा तबकडीत किती जागा उरली ते सांगते आणि डीयू ही कोणी किती जागा अडवली ते सांगते. दोन्ही १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेतल्या. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण सर्व्हर आडवा पडण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे कोठार शंभर टक्के भरणं. आणि भरतं कशानं? बहुतेकदा सर्व्हरच्या स्वतःच्या रोजनाम्यानं! कोण आलं, काय मागितलं, काय चुकलं, हे तो अखंड लिहीत असतो. कुणी जुन्या वह्या काढल्या नाहीत तर एके दिवशी नवी ओळ लिहायला जागा उरत नाही आणि काम थांबतं. हिशेब लिहिता लिहिता दुकान बंद पडावं, अशी ही गंमत.

पण तोच रोजनामा दुखणंही सांगतो. त्याची शेपटी वाचायची आज्ञा टेल, म्हणजे शेवटच्या काही ओळी दाखव. आणि लाखो ओळींतून हवा तो शब्द असलेल्या ओळीच वेचून काढायची आज्ञा ग्रेप. या ग्रेपची जन्मकथा मला सगळ्यात आवडली, कारण ती आमच्या विषयातली आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये ८५ निबंध छापले गेले होते, 'फेडरॅलिस्ट पेपर्स'. सगळ्यांवर एकच टोपणनाव होतं. लिहिणारे मात्र तिघं - हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यातले काही निबंध नेमके कुणाचे, हा वाद पावणेदोनशे वर्षं चालला. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमॅहन यांना शब्दांच्या वापरावरून त्याचा छडा लावायचा होता. पण सगळा मजकूर एवढा मोठा की तेव्हाच्या संपादन साधनात मावेना. तेव्हा थॉम्पसननं त्या साधनातली शोधण्याची सोय तेवढी सुटी काढून दिली. ते ग्रेप, साल १९७३. आपल्याकडे 'ज्ञानेश्वर एक की दोन' हा वाद शंभरेक वर्षांपूर्वी गाजला. ज्ञानेश्वरी आणि अभंग यांची भाषा ताडून विद्वान मंडळी हातानं शब्द मोजत बसली होती. म्हणजे रात्री दोनला सर्व्हरचं दुखणं शोधणारा मुलगा ज्या हत्यारानं शोधतो, त्याच्या जन्माला साहित्याच्या अभ्यासाचा एक वाद कारण झाला! बी.ए. करून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता या सगळ्या हत्यारांचा राजा. त्याचं चिन्ह म्हणजे एक उभी रेघ, आपल्या कवितेतल्या दंडासारखी. नाव पाइप. डग मॅकिलरॉय या गणितज्ञानं १९६४ साली एका टिपणात कल्पना मांडली होती, की बागेच्या नळीला जसा दुसरा तुकडा फिरवून जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. नऊ वर्षं तो पाठीस लागला. १९७३ मध्ये थॉम्पसननं ते एका रात्रीत करून दिलं. मग ओळ अशी लिहिता येऊ लागली:

टेल रोजनामा | ग्रेप चूक | सॉर्ट | युनिक

शेवटच्या ओळी घे, त्यातल्या चुकीच्या वेच, क्रमानं लाव, सारख्या एकत्र कर. एकाचं पाणी दुसऱ्यात. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाइपाला पाइप जोडणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही. प्रत्येक हत्यार एकच काम करतं, पण ते नीट करतं, आणि दुसऱ्याला जोडता येतं. आपल्या गावगाड्यातल्या बलुतेदारीत जन्मानं लादलेलं पुष्कळ वाईट होतं, ते या हत्यारांत नाही. इथं कुणीही कुणालाही जोडता येतो, ना वरचा ना खालचा.

याच चालीवर १९७७ मध्ये ऑक आलं. एहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. मोठ्या तक्त्यातला हवा तो रकाना उचलायचा, बेरीज मारायची, ही त्याची कामं. हजेरीपटाचा गोषवारा काढून बोटं झिजवलेल्या मास्तरांना त्याचं महत्त्व सांगायला नको.

सगळ्यांनाच सगळी किल्ली द्यायची नाही, यासाठी सुडो आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात ते तयार झालं. सर्व्हरच्या मालकाला रूट म्हणतात, त्याला काहीही करता येतं. सुडोमुळं साध्या माणसाला तेवढ्यापुरता मालकाचा अधिकार मिळतो आणि कोणी कोणती आज्ञा दिली त्याची नोंदही राहते. हे महत्त्वाचं, कारण काळ्या पाटीवर आरएम म्हटलं की पुसलं ते पुसलं. कचऱ्याची टोपली नाही, 'खरंच पुसू का' हा प्रश्नही सहसा नाही. एक जागा चुकीची सोडली तर भलतंच पुसलं जातं. आमच्या जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात एक सबंध समास अक्षर कसं लिहावं यावर खर्च केला आहे. त्याचं मोल या मुलांइतकं आज कुणाला कळत असेल, असं वाटत नाही. म्हणूनच शहाणा माणूस आधी आरसिंकनं दुसऱ्या यंत्रावर प्रत ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते दिलं. सगळं पुन्हा न पाठवता फक्त बदललेला भाग तेवढा ते पाठवतं.

हे सगळं इतकी वर्षं टिकलं कसं? इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न पडणारच. याचं उत्तर वाटून टाकण्यात आहे. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळं बेल लॅब्जच्या मालक कंपनीला संगणकाचा धंदा करायला बंदी होती. म्हणून युनिक्स नाममात्र किमतीत विद्यापीठांना गेली. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकानं १९७०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिच्या आतल्या रचनेवर ओळीओळीचं भाष्य लिहिलं. पुढं कंपनीनं ते वर्गात शिकवायला मनाई केली. मग काय, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या आणि हातोहात जगभर फिरल्या! ते उघडपणे छापलं गेलं १९९६ मध्ये, आणि दोन वर्षांनी लायन्स वारले. एका मास्तरानं वर्गासाठी काढलेल्या टिपणांनी पिढी घडवली. हा भाग वाचताना मी चष्मा काढून जरा वेळ बसून राहिलो होतो.

मनाईचा काळ आला तेव्हा रिचर्ड स्टॉलमन उभा राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला. ही सगळी हत्यारं नव्यानं लिहायची आणि कुणालाही वापरायला, उघडून पाहायला, बदलायला, वाटायला मोकळी ठेवायची. हत्यारं झाली, पण गाभा राहिला होता. तो ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केला. दोन्ही मिळून लिनक्स. आपल्याकडे पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट जमला, कॉलेजांतून मेळावे भरले, आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातूनही मुक्त सॉफ्टवेअरचा विचार शाळांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला.

सगळंच जुनं टिकलं असं नाही. २०१० पासून सिस्टमडी आलं, रोजनामा वाचायला जर्नलसीटीएल आलं. जाळं पाहायची आयएफकॉन्फिग आणि नेटस्टॅट ही जुनी हत्यारं मागं पडून आयपी आणि एसएस आली. जुन्या लोकांनी कुरकुरही पुष्कळ केली. ते जगाला धरूनच आहे.

डेनिस रिची ऑक्टोबर २०११ मध्ये गेला. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्ज गेला. जॉब्जची बातमी आमच्या चावडीपर्यंत आली. रिचीची आली नाही. फोनच्या काचेवर बोट फिरवणाऱ्याला काच दिसते, पाया दिसत नाही. वेरूळला गेलं तरी आपण राजांची नावं सांगतो, छिन्नी चालवणाऱ्यांची सांगत नाही. इथं निदान छिन्नी घडवणाऱ्यांची नावं शिल्लक आहेत, म्हणून मुद्दाम एकेक करून दिली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगतो. आमच्या वाडी-वस्तीवरच्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. काळ्या पाटीवर इंग्रजी अक्षरं बघून ती मागं सरकतात. "हे आपलं काम नाही गुरुजी, इंग्लिश मीडियमवाल्यांचं आहे." मी त्यांना विचारतो, ग्रेप म्हणजे काय, इंग्रजीत सांगा. ऑक? सुडो? आरसिंक? यातलं काहीही इंग्रज मूल आईच्या मांडीवर शिकत नाही. लंडनच्या मुलालाही हे पाठ करावं लागतं आणि वडीगोद्रीच्या मुलालाही. या बोलीत कुणीच जन्मानं पुढं नाही. माहितीची पानं इंग्रजीत आहेत हे खरं, तिथं शब्दकोश घेऊन बसावं लागेल. पण 'मॅन' ही आज्ञा लिहून पुढं हव्या त्या हत्याराचं नाव लिहिलं की त्याची सगळी माहिती समोर येते. हा मास्तर फी घेत नाही, रागावत नाही, रात्री दोनलाही जागा असतो.

कुणाच्या घरी दहा-बारा वर्षांचा जुना संगणक धूळ खात पडला असेल, नव्या विंडोजला पेलत नाही म्हणून भंगारवाल्याची वाट बघत असेल, तर तो देऊन टाकू नका. त्यावर लिनक्स फुकट बसतं आणि चालतं. घरातल्या, शेजारच्या दहावी-बारावीच्या मुलाला समोर बसवा. पहिल्या दिवशी एलएस, डीएफ आणि अपटाइम एवढं पुरे. आठवड्यात ग्रेप आणि पाइप. पुतण्याच्या वरिष्ठांनाही रोज हीच हत्यारं लागतात, फरक आहे तो फक्त हात बसण्याचा.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. पुतण्यासाठी स्थळ सुचवाल तेव्हा "मुलगा काय करतो" असं विचारलं गेलं, तर गोंधळू नका. सांगा, सगळी पंगत खोळंबते तेव्हा वाढप्याला उठवून पुन्हा कामाला लावतो. पगार बरा आहे. रात्रपाळी असते, एवढंच.